आईचा अंदाज, लेकीची वही

चैत्र-वैशाखाचे दिवस आले की महाराष्ट्रातील घराघरांच्या अंगणांत आणि गच्च्यांवर वाळवण दिसू लागते. खानदेशात ज्वारीची बिबडी, कोकणात फणसाचे पापड आणि आंब्याची साटे, देशावर कुरडया, सांडगे आणि सांडगी मिरच्या असे त्याचे रूप प्रदेशाप्रमाणे बदलत जाते. पावसाळ्यात भाजीपाला दुर्मीळ होतो, त्या चार महिन्यांची ही तरतूद असते. शाळांना सुटी असल्याने या कामी मुली आईच्या हाताखाली येतात. कोणतीही हजेरी न घेता आणि कोणतीही परीक्षा न घेता चालणारा हा एक अभ्यासवर्गच होय. त्याकडे शिक्षणाच्या आणि ग्रामविकासाच्या दृष्टीने पाहणे अगत्याचे आहे.

या वर्गातील सर्वांत महत्त्वाचा शब्द म्हणजे ‘अंदाज’. मीठ किती, पाणी किती, चीक किती वेळ शिजवावा, असे मुलीने विचारले की आईचे उत्तर ठरलेले असते : “अंदाजाने घाल.” हा अंदाज म्हणजे अज्ञान नव्हे. वर्षानुवर्षे हाताने केलेल्या निरीक्षणाचे ते सार आहे. परंतु तो हातातच राहिला तर हाताबरोबर संपतो. मुलगी वसतिगृहात राहू लागली, नोकरीनिमित्त शहरात गेली किंवा घरात विकतचे पदार्थ येऊ लागले, की एका पिढीच्या आत ही विद्या खंडित होते. म्हणून आईचा अंदाज लेकीच्या वहीत उतरला पाहिजे. आई हाताचे कौशल्य देईल आणि शाळेत शिकलेली मुलगी त्याला मापाची जोड देईल. अशी ही दुहेरी देवाणघेवाण आहे.

कुरडईचा धडा

उदाहरणादाखल गव्हाच्या कुरडईचा विचार करू. एक किलो गहू निवडून, धुऊन तीन दिवस भिजत घालतात आणि त्यातील पाणी रोज बदलतात. नंतर गहू वाटून, पाण्यात कुस्करून, स्वच्छ कापडातून गाळून घेतात. हे गाळलेले पाणी रात्रभर न हलविता ठेवले असता पांढरा चीक तळाशी बसतो. वरचे पिवळसर पाणी सकाळी अलगद ओतून टाकावे. आता चीक वाटीने मोजावा आणि जितका चीक तितकेच पाणी पातेल्यात घेऊन त्यात मीठ, हिंग आणि चमचाभर तेल घालावे. पाण्याला उकळी आली की एका हाताने चीक ओतीत दुसऱ्या हाताने सारखे ढवळावे, म्हणजे गुठळ्या होत नाहीत. झाकण ठेवून मंद आचेवर वाफ आणावी.

चीक शिजला हे कसे ओळखावे? पांढरेपणा जाऊन त्याला चकाकी येते आणि ओल्या बोटाला तो चिकटत नाही. आईने हे सांगितले की मुलीने वहीत लिहावे आणि शेजारी लागलेली मिनिटेही नोंदवावीत. गव्हातील पिष्टमय पदार्थ उष्णतेने पाणी शोषून फुगतो, म्हणून ही चकाकी येते, हे कारण विज्ञानाच्या शिक्षकांनी वर्गात सांगावे. चीक गरम असतानाच सोऱ्यातून कुरडया घालाव्यात. निवल्यावर तो घट्ट होतो आणि तार तुटते. दोन-तीन दिवसांचे कडक ऊन दिल्यावर कुरडई हातात मोडून पाहावी. कट्‌कन मोडली तर ती डब्यात भरण्यास योग्य झाली. ओल राहिली तर बुरशी येते आणि बुरशीचा भाग काढून टाकून उरलेला पदार्थ वापरणे सुरक्षित नसते. तो पूर्णपणे टाकून द्यावा. गाळून उरलेल्या चोथ्याच्या भुसवड्या करण्याची रीत आहे. काहीही वाया न घालविण्याचा हा संस्कारही या धड्याचाच भाग आहे.

पन्हे आणि आरोग्य

दुसरा धडा कैरीच्या पन्ह्याचा. अर्धा किलो कैऱ्या उकडून त्यांचा गर काढावा आणि वाटीने मोजावा. एक वाटी गराला एक ते दीड वाटी गूळ, चवीपुरते मीठ आणि वेलचीपूड घालून एकजीव करावे. पिण्याच्या वेळी यात सुमारे चौपट स्वच्छ, थंड पाणी मिसळावे. घामावाटे शरीरातील पाण्याबरोबर क्षारही जातात. पन्ह्यातील पाणी, मीठ आणि गूळ यांमुळे ही झीज काही अंशी भरून निघते. मधुमेह असलेल्यांनी गुळाचे प्रमाण वैद्यकीय सल्ल्याने ठरवावे. उन्हाच्या तडाख्याने एखादी व्यक्ती बेशुद्ध पडल्यास तिच्या तोंडात पन्हेच काय, पाणीही घालू नये. तिला सावलीत आणून, अंग ओल्या कापडाने पुसून, विनाविलंब आरोग्य केंद्रात न्यावे. घरगुती उपायाची मर्यादा मुलींना सांगणे हे तो उपाय शिकविण्याइतकेच आवश्यक आहे. वाळवण घालणाऱ्या स्त्रियांनीही काम पहाटे सुरू करून ऊन चढण्यापूर्वी आटोपावे.

टाकाऊतून टिकाऊ

दुपारचा वेळ सावलीतील हस्तकलेचा. जुन्या लुगड्यांची आणि धोतरांची गोधडी, जिला काही भागांत वाकळ म्हणतात, ही आपल्याकडील वस्त्रांच्या पुनर्वापराची उत्तम रीत आहे. कापडाचे तीन-चार थर सुरकुती न ठेवता एकावर एक पसरून प्रथम मोठ्या टाक्यांनी टाचून घ्यावेत आणि मग कडेपासून मध्याकडे धावदोऱ्याने शिवत जावे. दोन ओळींतील अंतर बोटभर असावे. मुलीने एका गोधडीला लागलेले कापड, दोरा आणि दिवस यांची नोंद ठेवली, तर आईच्या श्रमाचे मोल प्रथमच अंकांत दिसू लागेल. ते मोल घरातील पुरुषांनाही दिसणे गरजेचे आहे.

त्याचप्रमाणे जुन्या वर्तमानपत्रांच्या लगद्याची टोपली करता येते. कागदाचे तुकडे दोन-तीन दिवस भिजवून, पिळून, कुटावेत. भिजवून वाटलेली मेथी त्यात मिसळून लगदा चांगला मळावा. मेथीमुळे त्याला चिकटपणा येतो. उपड्या घमेल्यावर ओले फडके पसरून त्यावर लगदा सारख्या जाडीने थापावा आणि पूर्ण वाळल्यावर टोपली सोडवून घ्यावी. पूर्वी अशा टोपल्यांत खाद्यपदार्थही ठेवीत. तथापि छपाईची शाई अन्नाला लागणे आरोग्यास अपायकारक असल्याने या टोपल्या सुई-दोरा, पुस्तके अशा वस्तूंसाठीच वापराव्यात.

घरातून उद्योगाकडे

आपल्या घरच्या जेवणापुरता अंदाज पुरेसा असतो. विक्रीसाठी माल करावयाचा झाल्यास प्रत्येक वेळी तीच चव आणि तोच आकार हवा, आणि तेथे मापाशिवाय चालत नाही. याचे ठळक उदाहरण म्हणजे लिज्जत पापड. १९५९ साली मुंबईत गिरगाव येथे सात स्त्रियांनी ८० रुपये उसने घेऊन हा उद्योग सुरू केला. पीठ केंद्रात एकाच प्रमाणात मळावयाचे, भगिनींनी ते घरी नेऊन पापड लाटावयाचे आणि तयार पापड केंद्रात तपासून घ्यावयाचे, ही त्यांची पद्धत. घरातील कौशल्याला एकसारख्या मापाची जोड मिळाली, तेव्हाच ते देशभर पोहोचले. राज्यात १९७५ साली स्थापन झालेले महिला आर्थिक विकास महामंडळ आणि २०११ पासून कार्यरत असलेले ‘उमेद’ अभियान यांच्यामुळे बचत गटांचे जाळे उभे राहिले आहे. गटांनी उन्हाळी पदार्थ विकण्यापूर्वी अन्नसुरक्षा कायद्यान्वये नोंदणी करावी आणि वेष्टनावर घटक व दिनांक छापावेत. मुलीच्या वहीतील नोंद येथे थेट उपयोगी पडते.

शाळेची आणि ग्रामपंचायतीची भूमिका

हस्तव्यवसायातून शिक्षण हा विचार आपल्या राज्याला नवा नाही. १९३७ साली वर्धा येथे भरलेल्या शिक्षण परिषदेत महात्मा गांधींनी नई तालीमची मांडणी केली, तिचा गाभा हाच होता. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्यांसाठी दप्तराविना दहा दिवस स्थानिक कारागिरांच्या सहवासात घालविण्याची कल्पना मांडली आहे. या दिवसांत गावातील एखाद्या जाणत्या आईला मार्गदर्शक म्हणून सन्मानाने वर्गात बोलवावे. ग्रामपंचायतीने १ मेच्या ग्रामसभेत हा विषय ठेवून, वाळवणासाठी धुळीपासून दूर अशी स्वच्छ सार्वजनिक जागा, पिण्याचे पाणी आणि सावली यांची सोय करावी.

येथे दोन गोष्टींचे भान ठेवणे अत्यावश्यक आहे. पहिली, हे शिक्षण सुटीतील आणि आनंदाचे आहे. त्याच्या नावाखाली एकाही मुलीची शाळा बुडता कामा नये. दुसरी, सोऱ्या आणि सुई ही केवळ मुलींच्या हाती द्यावयाची साधने नव्हेत. मुलगे या वर्गात बसले तर घरकामाचा भार वाटला जाईल आणि आईच्या श्रमाची किंमत त्यांनाही कळेल.

या उन्हाळ्यात प्रत्येक शिक्षकाने आपल्या विद्यार्थ्यांना एकच गृहपाठ द्यावा : आईकडून एक पदार्थ आणि एक वस्तू शिकून घ्या, मापासह लिहून काढा आणि वर आईचे नाव घाला. जून महिन्यात शाळा उघडेल तेव्हा त्या वह्या एकत्र करून शाळेच्या ग्रंथालयात ठेवाव्यात. गावातील अनेक मातांनी आजवर कधी काही लिहिले नसेल, परंतु त्यांचे ज्ञान त्यांच्या नावासह त्या कपाटात असेल आणि पुढच्या पिढीला ते तेथून घेता येईल.