जुना ट्रॅक्टर : आधी त्याचा श्वास तपासा



गळीत हंगाम तोंडावर आला, की जुन्या ट्रॅक्टरच्या मालकाला बोअरच्या कामाची धास्ती पडते. इंटरनॅशनल बी-२७५, मॅसी ३५, झेटर २५११ ही यंत्रे मुळात दणकट. पिंजोरला १९७१ पासून झेटर बनू लागला. तो विभाग बंद करण्याचा निर्णय २०१६ साली झाला. तेव्हा अशा यंत्रांचे इंजिन जपणे आले.

धूर वाढला, ऑईल खाऊ लागले, की आपण म्हणतो, "म्हातारं झालं." आमच्या मते निम्म्या वेळा दोष वयाचा नसतो, धुळीचा असतो. फडातली माती आणि पाचटाचा भुसा हवेबरोबर आत गेला, की लायनर आणि रिंगा कानशीने घासल्यासारख्या झिजतात. नवे लायनर घातले, पण हवेची वाट तशीच फुटकी ठेवली, तर तो खर्च पाण्यात.

या जुन्या यंत्रांवर बहुधा ऑईल बाथ एअर क्लीनर असतो. हंगामात त्याची खालची वाटी रोज संध्याकाळी काढून पाहावी. तळाशी गाळ बसला असेल, तर ते ऑईल टाकून वाटी पुसावी आणि इंजिनचेच स्वच्छ ऑईल खुणेपर्यंत भरावे. जळकं, काळं ऑईल नको. खुणेच्या वरही नको. जादा ऑईल इंजिनात ओढले जाऊन जळते, मग इंजिन आवरेनासे होते. जाळी डिझेलमध्ये धुऊन पूर्ण निथळू द्यावी. पेट्रोलने धुऊ नये, आगीचा धोका असतो.

वाटी कितीही स्वच्छ असली, तरी क्लीनरपासून इंजिनाकडे जाणारी रबरी नळी चिरलेली असेल, तर सारे फुकट. याची परीक्षा सोपी आहे. इंजिन मंद चालू ठेवून क्लीनरच्या तोंडावर सपाट फळी दाबून धरा. इंजिन घुसमटून बंद पडले, तर वाट ठीक. चालूच राहिले, तर कुठूनतरी चोरवाटेने हवा घेते आहे. बहुतेक वेळा नळी किंवा तिची क्लिपच निघते; ते काम थोडक्या पैशांत होते.

डिझेलचेही तेच. टाकी रात्री भरून ठेवावी, म्हणजे रिकाम्या जागेत दव धरत नाही. सकाळी गाळणीच्या वाटीतले पाणी सोडावे. हवा धरली, तर फिल्टरचा स्क्रू सैल करून हातपंप मारावा. बुडबुडे थांबेपर्यंत घाई करू नये. इंजेक्शन पंप मात्र झाडाखाली खोलायचा नाही. तो टेस्ट बेंचवरच लावून घ्यावा लागतो.

रेडिएटरच्या पात्यांत भुसा अडकतो, तो मागच्या बाजूने हवा मारून काढावा. तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतू नये, हेड तडकते.

ही कामे पोळा ते दसरा उरकावीत. त्यानंतर मिस्त्री हाती लागत नाही.