दमा आणि दुखण्याची गोळी



कंबर धरली, डोके ठणकले की आपण दुकानातून गोळी आणतो. बहुतेकांना तिचा त्रास होत नाही. पण दम्याच्या प्रौढ रोग्यांपैकी शंभरात साधारण सात जणांना अशा गोळीने दोन-तीन तासांच्या आत नाक गळते, छाती आवळते, धाप लागते. घरचे म्हणतात, ‘हवा बाधली.’ पण दोष हवेचा नसतो.

आपल्या श्वासनलिकेला आतून पेशींचे अस्तर असते. पेशीचे आवरण मुख्यतः मेदाम्लांचे, म्हणजे तेला-तुपात असतो त्याच घटकाचे. त्यातले एक अ‍ॅराकिडोनिक आम्ल. धूळ, धूर, सर्दीने पेशींना इजा झाली की हे आम्ल आवरणातून सुटते. पुढे त्याला दोन वाटा असतात.

पहिल्या वाटेने प्रोस्टाग्लँडिन तयार होतात. ताप आणि ठणका त्यांच्यामुळेच. पण अस्तरातल्या पेशी त्यातलाच ‘ई-२’ हा प्रकार बनवतात, आणि तो श्वासनलिकेची राखण करतो. दुसऱ्या वाटेने ल्युकोट्राइन तयार होतात. ते मुख्यतः सुजेच्या जागी जमलेल्या पांढऱ्या पेशी बनवतात. त्यांनी नळी आवळते, सुजते, कफ वाढतो. ‘ई-२’ या दुसऱ्या वाटेला लगाम घालतो.

अ‍ॅस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक या गोळ्या पहिली वाट अडवतात. म्हणून दुखणे थांबते. पण त्याबरोबर ‘ई-२’ही घटतो, लगाम सुटतो, आणि काही रोग्यांत ल्युकोट्राइन उसळतात. अ‍ॅस्पिरिनचे हे काम जॉन व्हेन यांनी 1971 मध्ये दाखवले. या विषयावरच्या संशोधनासाठी 1982 चे नोबेल त्यांना, बर्गस्ट्रॉम आणि सॅम्युएलसन यांना मिळाले. दम्यात देतात ती माँटेलुकास्ट गोळी ल्युकोट्राइनचाच परिणाम रोखते.

मग करायचे काय?

• डॉक्टर असो की औषधवाला, आधी सांगा, ‘मला दमा आहे.’
• पाकिटावरची बारीक अक्षरे मुलांकडून वाचून घ्या. एका गोळीत दोन-तीन औषधे असू शकतात.
• गोळीने एकदा धाप लागली असेल, तर ती आणि तिच्या जातीची औषधे टाळा. केसपेपरवर तसे लिहून घ्या. नाकात कोंब वाढले असतील, वास येत नसेल, तर जास्त जपा.
• ताप-दुखण्याला नेहमीच्या मात्रेत पॅरासिटामॉल बहुतेकांना चालते.
• हृदयविकारासाठी अ‍ॅस्पिरिन चालू असेल, तर ती मनाने बंद करू नका. डॉक्टरांना विचारा.
• धाप लागली तर रोग्याला आडवे करू नका, ताठ बसवा. आराम देणारा पंप द्या आणि 108 ला फोन करा.

‘सिस्टर, पंपाची सवय लागते ना?’ हा प्रश्न मला प्रत्येक वस्तीत विचारतात. नाही लागत. रोजच्या पंपातले औषध थेट श्वासनलिकेत जाते, म्हणून थोडेसे पुरते. तो घेतल्यावर चूळ भरा. आणि बरे वाटले म्हणून बंद करू नका. बरे वाटते, ते त्या पंपामुळेच.