उलटीचा रुग्ण: काय करावे, काय टाळावे

ओपीडीत उलटीचा रुग्ण आला की ‘ॲसिडिटी’ किंवा ‘गॅस्ट्रो’ लिहून मोकळे व्हायचा मोह होतो. बहुतेक वेळा ते बरोबर ठरते, आणि म्हणूनच उरलेल्या वेळी घात होतो. नव्याने रुग्ण तपासू लागलेल्या डॉक्टरांसाठी ही टिपणे.

काय करावे

• मुळात उलटीच आहे ना, ते विचारावे. आंबट पाणी घशाशी येणे वेगळे, खोकल्याच्या उबळीत अन्न पडणे वेगळे.

• वेळ विचारावी. पंगतीनंतर एक ते सहा तासांत अनेकांना उलट्या सुरू झाल्या, तर स्टॅफिलोकोकसचे विष आधी आठवावे. काल रात्रीचा भात आज दुपारी पडला, तर जठराच्या तोंडाशी अडथळा शोधावा. रोज सकाळी उठताच डोकेदुखी आणि उलटी असेल तर डोळ्याचा पडदा तपासावा, मेंदूतला दाब वाढलेला असू शकतो.

• रंग विचारावा, शक्य तर स्वतः बघावा. नवजात बाळाची हिरवी उलटी म्हणजे आतड्याला पीळ, असे धरूनच चालावे आणि लगेच बालशल्यचिकित्सकाकडे पाठवावे.

• दुखणे आधी की उलटी आधी? अपेंडिक्समध्ये सहसा पोट आधी दुखते.

• औषधांची पिशवी उघडायला लावावी. मेटफॉर्मिन, लोहाच्या गोळ्या, दुखण्यावरच्या गोळ्या, डिगॉक्सिन आणि अलीकडे सेमाग्लुटाइड. वजन उतरवण्याचे इंजेक्शन ‘औषध’ म्हणून सांगायचे बऱ्याच जणांच्या लक्षातच येत नाही.

• मधुमेह्याची साखर आणि कीटोन दोन्ही बघावे. एसजीएलटी-२ गटातली गोळी चालू असेल तर साखर फारशी न वाढताही कीटोॲसिडोसिस होतो. वयस्क किंवा मधुमेही रुग्णाला घाम आणि उलटी असेल तर छातीत दुखत नसले तरी ईसीजी काढावा.

• पाळीच्या वयातल्या स्त्रीची गर्भधारणा चाचणी करावी, ‘पाळी वेळेवर आली’ असे सांगितले तरी.

• रुग्ण कुठून उठून आला ते विचारावे. आपल्याकडे हा प्रश्न जीव वाचवतो. जमिनीवर झोपलेला माणूस पहाटे पोटदुखीने आणि उलटीने जागा झाला, पापण्या जड झाल्या, तर मण्यार चावली असावी. दंशाची खूण बहुधा दिसत नाही, तेव्हा ‘काही चावलं नाही’ या उत्तरावर थांबू नये. शेतातून आलेल्याला फवारणीबद्दल विचारावे आणि बाहुल्या बघाव्यात. टाचणीच्या टोकाएवढ्या बाहुल्या, लाळ आणि घाम ही सेंद्रिय फॉस्फरस कीटकनाशकाची खूण. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि मजूर दगावले, ते विसरू नये. घरातल्या दोघातिघांना एकदम डोकेदुखी आणि मळमळ झाली, तर बंद न्हाणीघरातल्या गॅस गिझरची चौकशी करावी.

काय टाळावे

• जुलाब नसताना ‘गॅस्ट्रो’ लिहू नये. लहान मुलात तर मुळीच नाही. मूत्रमार्गाचा संसर्ग, मेंदूज्वर, पहिल्यांदाच उघड होणारा मधुमेह अशाच उलट्यांनी येतात.

• पँट न उतरवता ‘पोट तपासले’ म्हणू नये. अडकलेला हर्निया जांघेत असतो. वृषणाला पीळ पडलेला मुलगा लाजून फक्त पोट दुखते म्हणतो, आणि तिथे हातात जेमतेम सहा तास असतात.

• चालायला लावल्याशिवाय ‘कानाची चक्कर’ ठरवू नये. ज्याला उभेच राहता येत नाही त्याचा लहान मेंदू तपासावा लागतो.

• लाल, दुखरा डोळा आणि उलटी असताना अर्धशिशीची गोळी देऊ नये. तीव्र काचबिंदूत दृष्टी जाते.

• ऑन्डान्सेट्रॉन टोचून लगेच घरी पाठवू नये. उलटी थांबते, कारण तसेच राहते. आतड्यात अडथळ्याची शंका असेल तर मेटोक्लोप्रमाइड टाळावे.

• निदान झाले नसेल तर कागदावर काहीतरी ठोकून देऊ नये. ‘उलटी, कारण अजून ठरलेले नाही’ असे लिहावे आणि रुग्णाला परत कधी यायचे ते सांगावे. रात्रपाळीचा डॉक्टर तुमचा कागद वाचूनच पुढे जाणार आहे.