कागद, काच, पत्रा

पन्नास-साठ वर्षांपूर्वी बीड जिल्ह्यातील एखाद्या खेड्यात कोणी गेले असते, तर घरोघरचे उकिरडे त्याच्या दृष्टीस पडले असते. गोठ्यातील शेण, चुलीतील राख, केर, उष्टेखरकटे असे सारे त्यात पडे आणि कुजून त्याचे खत होई. पावसाळ्यापूर्वी ते गाड्या भरभरून शेतात जाई. फाटक्या लुगड्यांची वाकळ शिवली जाई. जुन्या कपड्यांवर बोहारीण भांडे देई. फुटकी घागर मोडीत घालून नवी घेता येई. टाकून देण्याजोगी वस्तू घरात फारशी नसेच.

शहराची गोष्ट निराळी. तेथे उकिरड्याला जागा नाही आणि शेतही जवळ नाही. सारा कचरा एकाच डब्यात पडला, की भाजीच्या देठांनी कागद भिजतो व त्याचे मोल जाते. दडपलेला ढीग हवेवाचून कुजतो, त्यातून मिथेन नावाचा ज्वालाग्राही वायू निघतो आणि कधी कधी ढीग पेटही घेतो. निरनिराळ्या ठेवल्या असत्या तर ज्या वस्तू उपयोगी पडल्या असत्या, त्या एकत्र झाल्यामुळेच कचरा ठरतात. या ढिगातून त्या पुन्हा वेगळ्या काढण्याचे कष्ट कोण करते?

1972 साली महाराष्ट्रात भीषण दुष्काळ पडला. बीडसह सारा मराठवाडा होरपळून निघाला. विहिरी आटल्या, शेतमजुरी संपली आणि अनेक कुटुंबांनी शहराची वाट धरली. पुण्यात कागद, काच व पत्रा वेचून पोट भरणाऱ्या बायकांमध्ये अशा दुष्काळी मुलखातून आलेल्या पुष्कळ होत्या. पहाटे पाठीवर पोते टाकून त्या निघत, कचराकुंड्या उपसत आणि मिळेल ते भंगाराच्या दुकानी वजनावर विकत. हातांना काचा लागत, कुत्री अंगावर येत, वाटेत चोरीचा आळ येई. कचरा करणारे दुसरेच. पण ‘कचरेवाली’ हे नाव मात्र त्यांच्या वाट्याला आले!

1990 च्या सुमारास श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाच्या कार्यकर्त्या प्रौढशिक्षणाच्या निमित्ताने या बायकांपर्यंत पोहोचल्या. लोकांनी घरीच कचरा निवडून दिला, तर यांचे कष्ट कमी होतील आणि मिळकत वाढेल, ही गोष्ट त्यांच्या ध्यानात आली. पुढे 1993 साली डॉ. बाबा आढाव यांच्या पुढाकाराने ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ स्थापन झाली. या पंचायतीच्या सभासदांच्या ओळखपत्रांना महानगरपालिकेनेही मान्यता दिली. एवढ्याशा कार्डाचे काय महत्त्व, असे कोणास वाटेल. परंतु ज्या बाईकडे कालपर्यंत संशयाने पाहिले जात होते, तिला आता ‘मी कामकरी आहे’ असे ताठ मानेने सांगता येऊ लागले.

तरीही संकट टळले नव्हते. 2000 साली घरोघर जाऊन कचरा गोळा करण्याचे नियम देशभर लागू झाले. नियम योग्यच होता. पण घरचा कचरा परस्पर गाडीतून गेला, तर या बायकांनी वेचावे काय? तेव्हा गोळा करण्याचे काम आम्हांसच द्यावे, अशी मागणी त्यांनी केली. 2008 साली ‘स्वच्छ’ ही त्यांची सहकारी संस्था उभी राहिली आणि महानगरपालिकेने तिच्याशी करार केला. घरटी मिळणारे मासिक शुल्क आणि भंगाराच्या विक्रीचे पैसे, असे दुहेरी उत्पन्न त्यांना मिळू लागले. संस्थेची सभासदसंख्या पुढे तीन हजारांच्या वर गेली.

मुलांनो, या व्यवस्थेत आपले काम अगदी थोडे आहे. ओला कचरा एका डब्यात व कोरडा दुसऱ्यात ठेवावा. फुटकी काच उघडी न टाकता जाड कागदात गुंडाळून तशी खूण करावी. एवढे केले, की ओल्याचे खत होते, कोऱ्याकरकरीत राहिलेल्या रद्दीचा पुन्हा कागद होतो आणि काच वितळून नवी बाटली घडते. खनिजापासून ॲल्युमिनियम काढण्यास जेवढी ऊर्जा लागते, तिच्या केवळ विसाव्या हिश्श्यात जुने ॲल्युमिनियम वितळवून पुन्हा वापरता येते.

आपल्या आजीला ही विद्या शिकवावी लागली नाही. ती तिच्या अंगवळणीच पडलेली होती. दोन डबे वेगळे ठेवण्यास आपल्याला क्षणभर लागतो. त्या क्षणाच्या आळसापायी दुसऱ्या कोणाचा हात रक्तबंबाळ होऊ नये, एवढे ध्यानात ठेवले तरी पुरे.

शब्दार्थ
वाकळ – जुन्या कपड्यांची गोधडी. मोड – मोडके, जुने भांडे. आळ – खोटा आरोप. अंगवळणी पडणे – सवयीचे होणे.

अभ्यास
1. खेड्यातील घरात टाकून देण्याजोगी वस्तू फारशी का नसे?
2. ‘एकत्र झाल्यामुळेच कचरा ठरतात’ हे उदाहरण देऊन स्पष्ट करा.
3. ओळखपत्रामुळे बायकांच्या स्थितीत कोणता बदल झाला?
4. 2000 सालचा नियम योग्य असूनही बायकांवर संकट का आले?
5. तुमच्या गावातील भंगाराच्या दुकानी जा. तेथे कोणत्या वस्तू घेतात, हे विचारून दहा ओळी लिहा.