मॅच, ओव्हन आणि आम्ही

भारताची मॅच घरच्या सगळ्यांनी मिळून बघायची आणि त्या दिवशी काहीतरी गोड घरीच भाजायचं, ही आमच्याकडची जुनी रीत. आमच्या आयांच्या पिढीने निम्मं क्रिकेट स्वयंपाकघरातून "काय झालं? कोण आउट?" असं विचारतच बघितलं. म्हणून आमच्याकडे पहिला नियम असा, की भाजणाऱ्यालाही मॅच बघायला मिळालीच पाहिजे. बाकीचं शहाणपण या नियमापायीच आलं.

१. आधी मॅच बघा, मग पदार्थ ठरवा.
टी-ट्वेंटीत दोन डावांमध्ये साधारण २० मिनिटं मिळतात. नानकटाईचा एक ट्रे तेवढ्यात होतो. गोळे वळून फ्रिजमध्ये ठेवायचे, पहिल्या डावाच्या शेवटच्या दोन ओव्हर राहिल्या की ओव्हन १७० अंशांवर तापत ठेवायचा. रवा केकला ३५-४० मिनिटं लागतात, तो वनडेच्या दिवशी. कॅरॅमल पुडिंग आदल्या रात्रीच करून गार करत ठेवावं.

२. सोडा थर्ड अंपायरसाठी थांबत नाही.
रवा, दही, साखर अर्धा तास आधी कालवून ठेवली तर उत्तमच, रवा छान फुगतो. सोडा मात्र ओव्हन तापल्यावरच घालायचा. दह्यातल्या आंबटपणामुळे तो लगेच फसफसतो. "एवढा रिव्ह्यू बघते नि ठेवते" म्हणत रेंगाळलं की ती हवा निघून जाते आणि केक दडस होतो.

३. विकेट पडली म्हणून ओव्हन उघडायचा नाही.
विकेट पडली की मंडळी उठतात, पाणी पितात आणि जाता जाता ओव्हनचं दार उघडून डोकावतात. केक अर्धाकच्चा असताना गार हवा आत गेली, की तो मधोमध बसतो. सासूबाईंचा नियम याच्या बरोबर उलटा: पार्टनरशिप जमली की कोणीही जागा सोडायची नाही. टायमर वाजला की मला त्यातून सूट मिळते, तीही कुरकुरत.

४. फायनलला वाट बघणारा पदार्थ करावा.
२ नोव्हेंबर २०२५. महिला विश्वचषकाची फायनल नवी मुंबईत, आणि पावसामुळे तीनची मॅच सुरू झाली पाचला. नानकटाई दुपारीच डब्यात भरलेली होती, तिला काय फरक पडतो? आम्ही सांगलीचे, त्यामुळे आमची स्मृती ४५ वर बाद झाली तेव्हा डब्याकडे कोणी बघेना. शफालीने ८७ केल्यावर झाकण उघडलं. पुढे शतक ठोकलेल्या दक्षिण आफ्रिकेच्या वोल्वार्टचा झेल अमनजोतच्या हातातून उडत उडत एकदाचा स्थिरावला, तेव्हा मामंजींच्या हातातल्या नानकटाईचा मुठीतच भुगा झाला होता. तो त्यांनी उभ्या उभ्या तोंडात टाकला आणि मग टाळ्या वाजवल्या.

५. गोड खाणं निकालावर ठेवू नका.
"जिंकलो की कापू" म्हणून राखलेला केक हरल्यावर कोणाच्याच घशाखाली उतरत नाही. १९ नोव्हेंबर २०२३ची, पुरुषांची वर्ल्ड कप फायनल हरल्याची रात्र ज्यांनी काढली, त्यांना हे वेगळं सांगायला नको. डाव संपला की कापावा, वाटावा, मोकळं व्हावं.

६. कामं आधीच वाटून द्या.
डब्याला तूप लावणं मुलाकडे, चाळणं-मोजणं मुलीकडे, भांडी ह्यांच्याकडे. आयपीएलच्या अडीच मिनिटांच्या टाइमआउटमध्ये ओटा लख्ख पुसून होतो, हे ह्यांनी सिद्ध केलंय.

७. दुसऱ्या डावाची शेवटची पाच षटकं उरली की स्वयंपाकघर बंद.
ओव्हन, गॅस, मिक्सर, सगळं. त्यानंतर कोणाला भूक लागलीच, तर त्याने स्वतः उठावं आणि डब्यात हात घालावा. येताना माझ्यासाठीही दोन आणाव्यात.