खाजनाचा बांध आणि कोरगुटाचे बी



पाऊस पूर्वीसारखा वेळेवर येत नाही हे शेतकऱ्याला आता कोणी सांगावयास नको. पण मग भात पिकविणाऱ्या लहान शेतकऱ्याने करावे काय, असे विचारले की बहुतेक जण चटकन म्हणतात, “नवे बियाणे पेरावे.” हे उत्तर खोटे नाही, अपुरे मात्र आहे. ते कसे, हे पाहण्यासाठी ह्या महिन्याच्या अभ्यासाला आम्ही गोव्यातील खाजन शेती घेतली आहे. गोव्यातील मंडळ्यांना ती परिचित आहे. इंदूर, हैदराबादकडील वाचकांसाठी थोडे सविस्तर सांगतो.

मांडवी, जुवारी ह्या नद्यांतून समुद्राची भरती फार आतपर्यंत चढते. काठची सखल जमीन जुन्या गावकऱ्यांनी मातीचे बांध घालून ह्या खाऱ्या पाण्यापासून राखली. तीच खाजन. गोव्यात अशी जमीन सुमारे १८,००० हेक्टर आहे. चोडण, दिवाडी ह्या बेटांवर ती पाहावयास मिळते. भरतीच्या पाण्याहून ही शेते खाली असतात, तेव्हा बांध नसेल तर खारे पाणी रोज आत येणार. बांधात ‘मानस’ म्हणजे पाण्याचे दार असते. त्याची लाकडी झडप अशी बसविलेली असते की, भरती आली म्हणजे नदीच्या पाण्याच्या दाबानेच ती मिटते आणि ओहोटी लागली म्हणजे शेतातील पावसाचे पाणी तिला ढकलून बाहेर पडते. शब्बाथ शाळेच्या शिक्षकांनी हे खडूने काढून दाखवावे. मुलांना फार आवडते.

आता बियाण्याकडे वळू. जूनच्या पावसाने मातीतील मीठ धुऊन गेले की येथे कोरगुट पेरतात. हा उंच वाढणारा जुना भात. उत्पन्न बेताचे, पण इतर भात जेथे करपतो तेथे हा उभा राहतो. भाताला मिठाचा त्रास दोन वेळा अधिक होतो, एकदा रोप कोवळे असताना व पुन्हा फुलोऱ्यात. नेमक्या त्या दिवसांत पावसाने ओढ दिली तर खालचे मीठ वर येते, आणि अशी ओढ केव्हा बसेल ह्याचा अंदाज आता जुन्या आडाख्यांनी बांधता येत नाही. भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या गोव्यातील संस्थेने कोरगुटातूनच निवड करून ‘गोवा धान १’ व ‘गोवा धान २’ हे वाण काढले. ते खारेपणा सोसून अधिक पिकतात. हे काम मोलाचे आहे.

पण प्रत्येक बियाण्याचा गुण ठराविक असतो. ओडिशातील एका जुन्या भाताचा गुण घेऊन तयार झालेला ‘स्वर्णा-सब १’ हा वाण २००९ साली शेतकऱ्यांसाठी प्रसृत झाला. तो पुराच्या पाण्यात सुमारे दोन आठवडे बुडूनही जगतो. पण ते पाणी गोडे हवे. कोरगुट थोडे मीठ सोसतो. फुटलेल्या बांधातून रोज आत येणारी भरती तोही सोसत नाही. उत्तर हिंदी महासागराची पातळी १९९३ ते २०१७ ह्या काळात वर्षाला सरासरी ३.३ मिलिमीटर चढली. एकंदर चार बोटे म्हणा. ऐकावयास थोडे वाटते, परंतु अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात बांधाच्या माथ्याला टेकलेल्या पाण्याला चार बोटे पुरेशी असतात. त्यात २०१९ च्या ऑक्टोबरात ‘क्यार’ वादळाच्या वेळी झाला तसा पाऊस, पीक कापणीला आलेले असताना! एकदा खारे पाणी शिरले की ती जमीन पुढे काही वर्षे पिकत नाही. पडीक राहिली तर तिच्यात खारफुटी उगवते. ती तोडण्यास कायद्याची मनाई असल्याने शेत परत मिळविणे आणखीच कठीण होते.

म्हणून सारा भार बांधावर. पूर्वी तो गावकरीकडे, म्हणजे कोमुनिदादकडे असे. कुळकायदा १९६४ साली आला व पुढे १९७६ च्या दुरुस्तीने कुळे मालक झाली. हे न्यायाचेच झाले, असे आमचे स्पष्ट मत आहे. बांधाची देखभाल मात्र कुळांच्या संघांवर आली. काही संघ ती नेटाने करतात, काही नावापुरते उरले आहेत. मानशीवरील मासेमारीचा लिलाव होतो, व त्याचा पैसा बांधाला लागावा अशी अपेक्षा असते. परंतु मासळी आत यावी म्हणून मक्तेदार भरतीच्या वेळी दार उघडे ठेवतो अशी तक्रार शेतकरी वारंवार करतात. एकाला चार टोपल्या कोळंबी मिळते, आणि शंभर जणांच्या शेतात मीठ जाते.

वर्गात चर्चेसाठी एक प्रसंग सुचवितो. खाजनात एकाची दोन पट्ट्या जमीन आहे. तो नोकरीनिमित्त मुंबईस राहतो, शेत पडीक आहे. त्याच्या पट्टीपुढील बांधाला खेकड्यांनी बिळे पाडली आहेत. शेजाऱ्यांनी यंदा गोवा धान पेरले आहे. बिळे बुजविण्याचा खर्च कोणी करावा, आणि तो नाही म्हणाला तर उधाण येण्यापूर्वी शेजाऱ्यांनी काय करावे?