जावयांचा मनोरा

सेलू

चि. बापू,


परवा मानवतच्या लग्नात तुझ्या सासूबाई भेटल्या. कौतुक आवरेना त्यांना. रविवारच्या ठोकळ्यांच्या क्लासमध्ये म्हणे आमच्या जावयांनी सगळ्यांत उंच मनोरा रचला, टाळ्या पडल्या. मी विचारलं, आणि छकुली? तर ती शेजारी बसून बिस्कीट खात होती. तेव्हापासून जिवाला घोर लागलाय. अरे, फी कोणाची भरलीस, तिची की तुझी?

बालवाडीत जन्म गेला माझा, गप्प बसवत नाही. मॉन्टेसरीबाईंचा गुलाबी मनोरा आम्ही सुताराकडून करून घेतला होता. दहा ठोकळे, सगळ्यांत लहान एक सेंटिमीटरचा, पुढचा प्रत्येक एकेका सेंटिमीटरने मोठा. भलता ठोकळा चढवला की लेकराला आपलं आपणच दिसतं. मोठ्यांनी सांगायला काही उरू नये, अशीच त्याची घडण. आणि तू तिथे हात घालतोस! "असं नाही गं, दे इकडे," हे तू म्हणालाच असशील. सगळा आजोबांवर गेलायस.

मला कोसबाडला जायचं होतं, अनुताई वाघांकडे. १९४५ साली त्यांनी नि ताराबाई मोडकांनी बोर्डीला बालवाडी काढली, पुढे कोसबाडला आदिवासी लेकरांत काम मांडलं. महागडी साधनं नकोत म्हणून शंख-शिंपले, खडे, बिया हाताशी घेतल्या. तुझ्या आजोबांनी, आप्पांनी, माझ्या हातातला अर्ज घेतला, "दे इकडे" म्हणाले, आणि आपल्या वळणदार अक्षरात इथल्याच नोकरीचा भरून टाकला. माया होती रे त्यात. पण कोसबाड राहिलं ते राहिलंच.

म्हणून पुन्हा विचारते, ठोकळे कोणाच्या हातात असतात?

बोलले जरा जास्तच. फ्रोबेल नावाच्या जर्मन गुरुजींनी १८४४ साली लेकरांशी खेळायचं पुस्तक काढलं, तेही आयांसाठी. बाप त्यांनाही सुचला नाही. आपल्या घरात तर बाप जमिनीवर बसायचा तो जेवायलाच. तू रविवारची झोप मोडून तिच्यासमोर मांडी घालतोस, हे ऐकूनच ऊर भरून आला होता. लग्नात बोलले नाही इतकंच.

पडला मनोरा तर पडू दे. तिनेच पाडला तर दोघं हसा. पाठ भरून येत असेल तर भिंतीला टेकून बस.

संक्रांतीला या. सुताराकडे सागाचे तुकडे सांगून ठेवलेत, दोन पिशव्या. एक तुझी. छकुलीच्यातले घेऊ नकोस.

तुझी,
आत्या